आईच्या महिन्याच्या गोळ्या ॲपवरून मागवताना आमच्या घरी काय झालं. तुम्ही कसं करता?

मलप्रभाकाठ
मी नोकरीला पुण्यात. आई ७२ वर्षांची, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पुढे जांबोटी रोडला आमच्या गावी एकटी असते. बीपी, शुगर आणि थायरॉईड, तिन्हीच्या गोळ्या. आठ महिन्यांपासून मी तिची औषधं एका ॲपवरून मागवतोय. पहिल्यांदा डॉक्टरची चिठ्ठी फोटो काढून चढवली, पत्ता टाकला. त्यानंतर दर महिन्याला फोनवर आठवण येते, 'पुन्हा मागवा' दाबायचं, चार-पाच दिवसांत डबा घरी. मला वाटायचं, लांब राहूनही निदान एवढं तरी आपल्या हातून होतंय.

ऑगस्टमध्ये आईला चक्कर यायला लागली म्हणून भावजी तिला बेळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बीपीची गोळी ४० मिलिग्रॅमवरून २० वर आणली. नवीन चिठ्ठी आईच्या पिशवीत राहिली. मला फोनवर एवढंच कळलं, "बरं आहे म्हणाले, गोळी जरा बदलली." महिना भरला, ॲपची आठवण आली आणि मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या बटण दाबलं. जुनी यादीच गेली. ४० ची पाकिटं घरी पोचली. दोन्हीचं खोकं एकाच कंपनीचं, एकाच निळ्या पट्टीचं, फरक फक्त कोपऱ्यातल्या आकड्याचा. आईला वाटलं, डॉक्टरांची संपली, आता पोरानं पाठवलेली चालू करायची. सहाव्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना ती खाली बसली ती उठेना. शेजारच्या वहिनींनी तांब्या पडल्याचा आवाज ऐकला म्हणून धावल्या. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी ९६/५८ निघालं. हाड मोडलं नाही, देवाची कृपा.

चूक माझी आहे, ती मी मान्य करतो. पण आठ महिने जुन्या चिठ्ठीवर औषध पाठवताना तिकडूनही कोणी एक फोन केला नाही, याचं वाईट वाटतं. आता सगळं बंद करू की काही रीत बसवून चालू ठेवू? आपल्या भागातल्या लोकांचे अनुभव हवेत.

टिळकवाडीची_आक्का
आधी सांगा, आई आता कशा आहेत? कंबरेला मार नाही ना?

आमच्या सासूबाईंचं असंच झालेलं, फक्त शुगरच्या गोळीचं. तेव्हापासून मी एकच काम करते. नवीन चिठ्ठी आली की त्याच दिवशी घरातली जुनी पाकिटं सगळी बाहेर. "पैशाची आहेत, राहू देत" असं त्या म्हणतात, पण मी ऐकत नाही. जुनी गोळी घरात राहिली की ती कधी ना कधी पोटात जातेच.

मलप्रभाकाठ
आक्का, बरी आहे. दोन दिवस झोपून होती, आता हिंडते. तुमचं जुन्या पाकिटांचं अगदी खरं. डब्यात सात महिन्यांपूर्वीचीसुद्धा सापडली.

निपाणी_मेडिकल
मी २२ वर्षं काउंटरच्या आत उभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. औषध नियम १९४५ चे आहेत, त्यातला नियम ६५ आम्हाला शिकतानाच पाठ करायला लावतात. चिठ्ठीवर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, औषध किती आणि कसं घ्यायचं ते हवं. आणि मुख्य गोष्ट: डॉक्टरने 'पुन्हा द्यावे' असं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. किती वेळा, किती दिवसांच्या अंतराने, हे डॉक्टरने लिहिलं तर तेवढ्याच वेळा. दिल्यावर दुकानाचं नाव आणि तारीख आम्ही चिठ्ठीवर टाकायची. बीपी, शुगर, थायरॉईडच्या बऱ्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत.

आता प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. लोक रिकामं पाकीट घेऊन येतात, "हे दोन द्या" म्हणतात, दुकानदार देतो. ॲपचं बटण म्हणजे तेच रिकामं पाकीट, फक्त फोनमधलं. दोन्हीकडे मधला माणूस गळतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच सांगा, "साहेब, चिठ्ठीवर 'दर महिन्याला, तीन महिने' असं लिहून तारीख घाला." तीन महिने झाले की ती चिठ्ठी संपली, मग तपासणी आणि नवीन चिठ्ठी. ही ओळ लिहायला डॉक्टरांना दहा सेकंद लागतात, आजवर कोणी नाही म्हटलेलं मी बघितलेलं नाही.

खडेबाजार_जुना
मेडिकलवाले अण्णा बरोबर बोलले. पण मी पुढचं बोलतो. गल्लीतलं दुकान सोडून ॲपच्या मागे कशाला लागायचं? आमच्या दुकानदाराला माझ्या आईची गोळी, तिचं वजन, तिला कशाची ॲलर्जी आहे, सगळं तोंडपाठ आहे. रात्री साडेअकराला शटर वाजवलं तरी उघडतो. बाबांच्या शेवटच्या आजारपणात चार महिने उधारीवर औषध दिलं, एकदा मागितलं नाही. असला माणूस कुठल्या फोनमध्ये मिळतो? सगळ्यांनी ऑनलाईन घेतलं तर पाच वर्षांनी ही दुकानं राहणार नाहीत, मग रात्री साडेअकराला कुणाचं शटर वाजवणार?

हिंडलगा_६८
खडेबाजार, तुमचं प्रेम समजलं, पण सगळ्यांचं घर बाजारपेठेत नसतं की ओ. माझे दोन्ही गुडघे गेलेत. बायको नाही, मुलगी हुबळीला. औषधासाठी रिक्षा करून जायचं, तिथे तीनपैकी एक गोळी नसायची, "परवा या." ॲपमुळे माझा हा त्रास संपला. महिन्याला चारशे-साडेचारशे वाचतात, पेन्शनवाल्याला ते कमी नाहीत. माझी औषधं मी स्वतः मागवतो, स्वतः खोकं उघडून चिठ्ठीशी ताडून बघतो. आठ महिन्यांत मला एकदाही त्रास झाला नाही. ज्याची औषधं त्यानेच मागवली तर धोका कमी, असं माझं मत.

खडेबाजार_जुना
काका, तुमच्यासारखं डोळ्यात तेल घालून बघणारे कमी. पण गुडघ्याचं पटलं. दुकानदाराने पोऱ्याकडून घरपोच पाठवावं, हे मीही आमच्याकडे सांगत असतो. आता पाठवतो तो, व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली की.

उचगाव_शिक्षिका
आईंनी खोक्यावरचा आकडा वाचला नाही म्हणू नका. तो आकडा मोहरीएवढा असतो आणि नाव इंग्रजीत.

चंदगडचा_पाव्हणा
आमचं दुखणं वेगळंच. गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे कागदावर महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर. पण बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं बेळगाव. डॉक्टर बेळगावचे. ॲपमध्ये ४१६ चा पिनकोड टाकला तर 'इथे सेवा नाही'. म्हणून सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे, कर्नाटकात, मामाच्या घरचा ५९० चा पत्ता दिला. मग डिलिव्हरीवाला मामाला फोन करणार, मामा मला, मी मोटरसायकलवर जाऊन डबा आणणार. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं एक, गोळ्यांना मात्र पासपोर्ट लागतोय!

खरा प्रश्न: आता वडिलांना कोल्हापूरच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे दाखवलंय. त्यांची चिठ्ठी कर्नाटकात चालते का? एका ठिकाणी "दुसऱ्या राज्याची आहे" म्हणून मागे पाठवली.

निपाणी_मेडिकल
पाव्हणं, चालते. डॉक्टर नोंदणीकृत असला की चिठ्ठीला राज्याची वेस नाही. निपाणीत रोज निम्म्या चिठ्ठ्या कोल्हापूर, गडहिंग्लज आणि मिरजेच्या येतात, आम्ही देतो. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात तर स्पष्टच आहे की नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला फोन-व्हिडिओवर सल्ला देऊ शकतो. फक्त चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसायला हवा. फोटो काढताना वरचा छापील भाग कापू नका, बहुतेक वेळा अडतं ते तिथेच.

आणि वडिलांना रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती कुठल्याही 'पुन्हा मागवा'वर टाकू नका. त्यातल्या काही गोळ्यांचं प्रमाण रक्ततपासणी बघून ठरतं. रिपोर्ट, डॉक्टर, मग गोळी, हा क्रम मोडायचा नाही.

लेक_लेस्टरला
माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे सहा महिने होते तेव्हा तिच्या सासूबाईंचं बघितलं. तिकडे सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, स्वतःचं ॲप आहे. नेहमीच्या गोळ्या त्यात दिसतात, हव्या त्यावर खूण करायची. पण खूण केली म्हणजे औषध निघालं, असं नव्हे. मागणी आधी दवाखान्यात जाते, तिथे बघून मंजूर करतात, मग ती चिठ्ठी आपण निवडलेल्या मेडिकलला थेट पोचते. त्याला दोन-तीन दिवस तरी लागतात. डॉक्टरने गोळी बदलली की यादी त्यांच्याच बाजूने बदलते, जुनी मागवताच येत नाही. मधे मधे "तपासणीला या, त्याशिवाय पुढची नाही" असंही येतं. इंग्लंडात साठीच्या वरच्यांना औषध फुकट आहे.

मलप्रभाकाठ, तुमच्या आईच्या बाबतीत नेमकी हीच कडी नव्हती. यादी डॉक्टरच्या हातात नव्हती, तुमच्या फोनच्या हातात होती.

मलप्रभाकाठ
ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. अगदी हेच झालं.

शहापूर_हातमाग
आपल्याकडे ते आरोग्याच्या नोंदींचं १४ अंकी आभा कार्ड काढलंय सगळ्यांनी, त्यात हे होत नाही का?

निपाणी_मेडिकल
आभात कागद जोडता येतात, पण दवाखान्याने जोडले तर. गल्लीतल्या डॉक्टरची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यात आपोआप जाऊन बसत नाही.

कणकुंबी_पाऊस
आमच्याकडे मलप्रभा उगवते, तसा पाऊसही आमच्याकडूनच सुरू होतो. जून ते सप्टेंबर वीज कधी असेल, टॉवर कधी चालू असेल याचा भरवसा नाही. गेल्या पावसाळ्यात आमचं औषध बेळगावात येऊन पडलं होतं आणि 'ग्राहकाशी संपर्क झाला नाही' म्हणून परत गेलं. संपर्क कसा होणार, तीन दिवस रेंजच नव्हती. तात्यांच्या फिटच्या गोळ्या होत्या त्या. ही गोळी दोन दिवस चुकली तरी फिट येऊ शकते. शेवटी दुधाच्या गाडीवाल्याला पाकिटाचा फोटो दाखवून खानापूरहून आणवल्या.

तेव्हापासून मे महिन्यातच डॉक्टरांकडून जास्त दिवसांची चिठ्ठी लिहून घेतो आणि औषध घरात भरून ठेवतो, जळण आणि तांदूळ भरतो तसं. जांबोटीच्या वरच्या सगळ्यांना माझं हेच सांगणं.

टिळकवाडीची_आक्का
कणकुंबी, फिटच्या गोळीची कंपनीसुद्धा परस्पर बदलू देऊ नका. आमच्या भाच्याला डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

येळ्ळूर_इन्सुलिन
इन्सुलिनवाल्यांनी ॲपच्या भानगडीत जपून पडा. एप्रिलमध्ये मागवलेलं. खोकं आलं तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्या कोमट पाण्याच्या झालेल्या, हाताला ऊन लागत होत्या. वरचं लेबल घामेजून सुटलेलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात राहायला हवं. ते बिघडलं की नाही हे नुसतं बघून कळेलच असं नाही, स्वच्छ पाण्यासारखं दिसतं आणि शुगर मात्र उतरत नाही. मी परत केलं, पैसे मिळाले, पण चार दिवस बायकोचा जीव टांगणीला. आता इन्सुलिन फक्त दुकानातून, आणि घरून थर्मास घेऊन जातो. थर्मासात बर्फ थेट लागू देत नाही, गोठलं तर तेही टाकूनच द्यावं लागतं. गोळ्या खुशाल ॲपवरून येऊ देत.

हिंडलगा_६८
हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद येळ्ळूर.

बेकिनकेरे_पोरगा
भाषेचं कुणीच बोलेना. आज्जीच्या नावावर ऑर्डर केली की पडताळणीचा फोन येतो, तो कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत. आज्जीला मराठीशिवाय काही येत नाही. ती "हां, हां" म्हणते आणि ऑर्डर पक्की होते. एकदा तिकडून विचारलं असणार की या कंपनीची नाही, दुसरी देऊ का, तिनं "हां" म्हटलं. आल्या दोन्ही गोळ्या दुसऱ्याच रंगाच्या. आज्जी गोळ्या रंगानं ओळखते: पांढरी गोल सकाळची, गुलाबी रात्रीची. यावेळी सकाळची गुलाबी आणि रात्रीची पांढरी! चार दिवस उलटं चाललेलं. कन्नड येत नाही हा तिचा दोष नाही आणि फोनवरच्या पोरीचाही नाही. पण औषधाचं बोलणं माणसाला कळणाऱ्या भाषेतच व्हायला पाहिजे. मी आता संपर्काला माझा नंबर दिलाय, मला कन्नड येतं. फोन आला की चिठ्ठी हातात घेऊनच बोलतो.

निपाणी_मेडिकल
बेकिनकेरे, पोरा, फार महत्त्वाचं लिहिलंस. चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं द्यायचं नाही, तेच द्रव्य असलं तरीही, हेही त्याच नियम ६५ मध्ये आहे. बदलायचं तर डॉक्टरला विचारून. पेशंटच्या "हां" ला इथे किंमत नाही. सरकारी जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी हवी असेल तर डॉक्टरांकडून मूळ द्रव्याच्या नावानेच लिहून घ्या. 'जनऔषधी सुगम' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि दर बघता येतात. पण गोळीचा रंग बदलणार हे आज्जीला आधी समोर बसवून सांगायचं.

चंदगडचा_पाव्हणा
आमच्या आईला झोपेची गोळी आहे, ती ॲपवर दर वेळी रद्द होते. बाकीच्या येतात.

निपाणी_मेडिकल
होणारच, आणि व्हायलाच पाहिजे. झोपेच्या बऱ्याच गोळ्या एच-वन नावाच्या जास्त कडक नियमांच्या यादीत आहेत, २०१४ पासून ती लागू आहे. त्यांची वेगळी वही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, आणि ती वही तीन वर्षं जपायची. आईंची झोप का लागत नाही ते एकदा डॉक्टरांना पुन्हा विचारा.

उचगाव_शिक्षिका
गावाकडच्या सगळ्यांना एक सांगू का? बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि दर महिन्याला गेलं की बीपी तपासूनच देतात. आमच्या गावच्या आशाताईंमुळे माझ्या काकूंचं वाढलेलं बीपी पकडलं गेलं. घरपोच डबा आला असता तर कळलंच नसतं. आणि पायी जाणं होत नसेल त्यांच्यासाठी ई-संजीवनी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरबसल्या ओपीडी सुरू झाली ती. डॉक्टर व्हिडिओवर बोलतात आणि त्या दिवसाची तारीख घातलेली चिठ्ठी फोनवर येते.

हिंडलगा_६८
बाईंचं तपासणीचं पटलं. मी घरी बीपीचं मशीन ठेवलंय. गोळ्या मागवायच्या आधल्या आठवड्यात रोज सकाळी एकदा लावून वहीत लिहितो. आकडे बिघडलेले दिसले तर मागवत नाही, आधी डॉक्टर. माझं काय चुकतंय ते सांगा.

लेक_लेस्टरला
काही चुकत नाही काका. तुमची वही हेच तुमचं मंजुरीचं टेबल.

मलप्रभाकाठ
गेल्या रविवारी गावी जाऊन आलो. तुम्हा सगळ्यांचं वाचून काय केलं ते लिहितो.

सगळी पाकिटं जमिनीवर ओतली. एकूण ११ निघाली, त्यात तीन मुदत संपलेली. चिठ्ठीतली ठेवली, बाकी पिशवीत घालून बाहेर काढली. आई कासावीस झाली, "दोन हजारांची असतील रे." आक्का, तुमचं नाव सांगितलं, म्हटलं टिळकवाडीच्या एक काकू अशाच रागावतात. मग गप्प बसली.

ॲपमधली 'पुन्हा मागवा'ची आठवण बंद केली, ॲप ठेवलं. खानापूरच्या मेडिकलवाल्यांना भेटलो. ते दर महिन्याला गावाकडे येणाऱ्या वडापच्या गाडीवाल्याकडे डबा द्यायला तयार झाले, पैसे मी फोनवरून पाठवतो. त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला आठ महिन्यांत कळली नव्हती. आईची बीपीची गोळी १५ च्या पाकिटात येते, शुगरची १० च्या, थायरॉईडची १०० च्या बाटलीत. म्हणून तिन्ही वेगवेगळ्या दिवशी संपायच्या आणि घरात कायम जास्तीची पाकिटं साठायची. त्यांनी आताची शिल्लक मोजून तिन्ही एकाच तारखेला संपतील असं बसवून दिलं.

डॉक्टरांकडून 'दर महिन्याला, तीन महिने' लिहून घेतलं, निपाणीच्या अण्णांनी सांगितलं तसं. डॉक्टर म्हणाले, "कोणी शिकवलं?" चिठ्ठीचा फोटो आई, भावजी, शेजारच्या वहिनी आणि मी, चौघांच्या फोनमध्ये. आणि कॅलेंडरच्या पाठीमागे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून चिकटवलंय: सकाळी उपाशीपोटी थायरॉईड, नाश्त्यानंतर बीपी २० आणि शुगर, रात्री जेवणानंतर शुगर. प्रत्येक ओळीपुढे त्या गोळीचं रिकामं पाकीट कापून टाचलंय. बेकिनकेरेच्या आज्जीवरून सुचलं.

बेकिनकेरे_पोरगा
पाकीट टाचायचं भारी आहे. आज संध्याकाळी करतो.

खडेबाजार_जुना
वडापवाला डबा आणतो म्हणजे आपली जुनीच पद्धत की! आनंद झाला.

निपाणी_मेडिकल
मलप्रभाकाठ, एक राहिलं. तीन महिन्यांनंतरची तपासणीची तारीख आत्ताच त्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडून ठेवा. आणि बीपी कमी लागलेलं होतं, तर आईंना उठताना आधी दोन मिनिटं खाटेच्या कडेला बसायला सांगा.

मलप्रभाकाठ
अण्णा, मांडली. खाटेचं आज फोन करून सांगतो. तुळशीपाशी लाकडी स्टूल ठेवलंय, बसूनच पाणी घालते आता.